पुनर्मुद्रांकित नाण्यांची साक्ष

प्राचीन नाणे अस्सल आहे की बनावट, हा एक प्रश्न. ते कोणी व केव्हा पाडले, हा दुसरा. पुनर्मुद्रांकित नाण्यांच्या परीक्षणात या दोन्ही प्रश्नांवर प्रकाश पडतो.

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा निधी सापडला. ही नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची होत. त्यांच्या एका बाजूस राजमुख व ग्रीक लिपीतील लेख, तर दुसऱ्या बाजूस बाण व वज्र ही चिन्हे आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख आहेत. परंतु त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आहे. नाणी न वितळविता हा ठसा मारल्यामुळे मूळ लेखाचे अवशेष त्याखाली राहिले. वरचा ठसा नंतरचा, हा क्रम त्यामुळे निर्विवाद ठरतो. गौतमीपुत्राने क्षहरात वंश निःशेष केला, या नाशिक येथील लेण्यातील शिलालेखाच्या विधानाशी तो जुळतो.

अस्सलपणाची कसोटीही येथेच मिळते. ठसा हाताने मारला जाई; म्हणून जुन्या व नव्या ठशांची परस्परस्थिती प्रत्येक नाण्यावर वेगळी असते. दोन नाण्यांवर ती तंतोतंत सारखी आढळल्यास त्यांपैकी निदान एक तरी साच्यात ओतलेली प्रतिकृती समजावी. कडेवरील सांध्याची रेघ व पृष्ठावरील सूक्ष्म छिद्रे या संशयास बळकटी देतात.

म्हणून विद्रूप दिसणारे असे नाणे घासून उजळविणे सर्वथा अनुचित होय. त्यावरील पुसट अक्षरे हाच त्याचा पुरावा असतो.