न केलेल्या कामाचे कंत्राट

सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याला लागले की भीमाकाठच्या बाजूला मंद्रूप येते. ज्वारीचा आणि उसाचा हा मुलूख. इथल्या घरांतील मुलेही आता संगणकाचे शिक्षण घेतात, आणि घरी बसून पुण्या-मुंबईचे, क्वचित परदेशाचेही काम मिळवू पाहतात. त्यांची एक तक्रार आपण सर्वांनी ऐकली असेल. काम देणारा म्हणतो, 'अमुक तंत्रातला तीन वर्षांचा अनुभव हवा.' अनुभव काम केल्याशिवाय येत नाही, आणि काम अनुभवाशिवाय मिळत नाही. मग आरंभ करावा कसा? काही जण यावर सोपा तोडगा काढतात: अनुभव आहे असे ठोकून देतात. तो तोडगा कितपत टिकतो, आणि त्याहून बरी वाट कोणती, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम, काम देणारा अनुभव का मागतो ते समजून घेतले पाहिजे. विहीर बांधावयाची असली म्हणजे आपण गवंड्याला विचारतो, 'यापूर्वी कुणाची बांधलीस?' वस्तुतः त्या जुन्या विहिरीशी आपल्याला काय कर्तव्य? आपली विहीर पहिल्या पावसात ढासळू नये, एवढीच आपली काळजी. अनुभव हा त्या काळजीवरचा एक उतारा आहे, एकमेव नव्हे. दुसऱ्या कोणत्या मार्गाने ती काळजी दूर करता आली, तर गिऱ्हाईक वर्षे मोजीत बसत नाही.

याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. रूळ कसे टाकतात, भराव कसा घालतात, याच्याशी त्या घराचा संबंध नव्हता. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी ते रेल्वेचे कंत्राटदार झाले, आणि त्यांचे पहिले काम बार्शी लाइट रेल्वेचे होते. हे जमले कसे? त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी केली. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. रेल्वेच्या कामाची रीत आणि त्यातली माणसे त्यांना ठाऊक होती. वालचंदांपाशी भांडवल उभे करण्याची धमक होती. एकाजवळ जे नव्हते ते दुसऱ्याजवळ होते. पुढे १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढतानाही त्यांनी तीच रीत ठेवली. विमान बांधण्याचा त्यांना काडीचाही अनुभव नव्हता. पण चीनमध्ये असा कारखाना चालवलेला पॉली नावाचा अमेरिकन गृहस्थ त्यांनी गाठला, आणि म्हैसूर संस्थानाला भागीदार करून घेतले. हिंदुस्थान एअरक्राफ्टचा जन्म असा झाला.

आता संगणकाकडे वळू. सोलापूरकराला प्रोग्रॅम म्हणजे काय हे समजावणे फारसे अवघड नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांतून उतरते. कोणता धागा वर उचलावयाचा आणि कोणता खाली ठेवावयाचा, याची आज्ञा त्या भोकांत असते. अशाच पुठ्ठ्यांवरून हॉलरिथची यंत्रे निघाली, १८९० साली अमेरिकेची खानेसुमारी त्यांवर मोजली गेली, आणि पुढे संगणकालाही कित्येक वर्षे भोकांच्याच पत्त्यांतून आज्ञा दिल्या जात. आज त्या आज्ञा निरनिराळ्या भाषांत लिहितात. आपल्या भागात मराठी आणि कानडी एकाच बाजारात बोलल्या जातात. ज्याला व्यवहार कळतो, तो दुसरी भाषा महिन्या-दोन महिन्यांत कामापुरती उचलतो; ज्याला व्यवहारच कळत नाही, त्याला दोन्ही भाषा येऊनही उपयोग नाही. प्रोग्रॅमरचे नेमके असेच आहे. 'ही भाषा येत नाही' आणि 'हे काम येत नाही' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

१९७४ च्या सुमारास मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडे अमेरिकेच्या बरोज कंपनीचे एक काम आले. रुग्णालयासाठी लिहिलेली आज्ञावली बरोजच्या एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी बदलून हवी होती. दोन्हीकडे भाषा कोबोलच. पण बोली निराळ्या. अडचण अशी की मुंबईतल्या मंडळींच्या हाताशी होता तो आयसीएल १९०३ हा भलत्याच कंपनीचा संगणक. त्यांनी त्याच यंत्रावर एक 'गाळणी' लिहिली. एका बोलीतला मजकूर तिच्यातून घातला की दुसऱ्या बोलीतला बाहेर पडे. परदेशाचे काम इथे बसून करून देण्याच्या धंद्याची ही एक पहिली पायरी होती.

याच सुमाराची दुसरी गोष्ट जगभर सांगितली जाते, आणि माझ्या मते ती नेहमी अर्धीच सांगितली जाते. १९७५ च्या आरंभी आल्टेअर नावाच्या छोट्या संगणकाची माहिती एका मासिकात छापून आली. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी त्याच्या उत्पादकांना कळवले की, तुमच्या यंत्राकरिता बेसिक भाषा आमच्याकडे आहे. खरे पाहता त्यांच्याकडे एक ओळही नव्हती, आणि आल्टेअर त्यांनी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. मग ॲलनने हार्वर्डच्या मोठ्या संगणकाला आल्टेअरचे सोंग घ्यावयास लावले, आणि त्या सोंगावर दोघांनी सुमारे दोन महिन्यांत काम उरकले. अपूर्णांकांच्या गणिताचा भाग तिसऱ्या एका विद्यार्थ्याने लिहिला. ॲलन विमानाने अल्बुकर्कला गेला; यंत्रात बेसिक भरण्याची छोटी आज्ञावली लिहावयाची राहिली आहे हे त्याच्या वाटेत ध्यानात आले, ती त्याने विमानातच लिहिली. खऱ्या यंत्रावर दोन अधिक दोन घातले. उत्तर चार आले.

'बघा, थाप मारली आणि जिंकले!' एवढेच लोक लक्षात ठेवतात. पण ॲलनने त्याच घराण्यातल्या आधीच्या चिपचे सोंग पूर्वी एका कामासाठी रचले होते. अनुभव नव्हता तो त्या विशिष्ट यंत्राचा. शिवाय पैसे हाती पडण्यापूर्वी माल चालवून दाखवावा लागला. त्या दिवशी चार आले नसते, तर ही गोष्ट कुणी सांगितली नसती. आणि ज्यांचे चार आले नाही असे किती असतील!

थापेचा कायदेशीर भागही पाहावा. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे, फसवून किंवा चुकीची माहिती देऊन संमती मिळवली असेल, तर तो करार रद्द करण्याचा अधिकार फसलेल्या पक्षाला मिळतो. अनुभवाचे खोटे प्रमाणपत्र जोडणाऱ्याने तर आपल्या मजुरीच्याच मुळावर घाव घातला असे समजावे. काम पुरे झाल्यावरही गिऱ्हाइकाच्या हातात पैसे अडवण्याचे साधन राहते.

मग पत्रात लिहावे काय? समजा, चादरींच्या एका व्यापाऱ्याला मागण्यांचा आणि मालाचा हिशेब नव्या तंत्राने हवा आहे. मुलाने स्वच्छ लिहावे: 'या तंत्रात मी आजवर काम केलेले नाही. मात्र याच तऱ्हेचा हिशेब मी अमुक भाषेत केला असून तो आपणांस चालवून दाखवतो.' इतके मोघम पुरत नाही. त्या दरम्यान आठ-दहा दिवस खपून व्यापाऱ्याच्या कामाचा एखादा लहान तुकडा, म्हणजे एक मागणी नोंदवली की साठा आपोआप कमी होणे, नव्या तंत्रात करून सोबत द्यावा. शिकण्याचे तास गिऱ्हाइकाच्या बिलात धरू नयेत. काम चार हप्त्यांत तोडून प्रत्येक हप्त्याचा माल पाहून पैसे मागावेत. आणि अडेल तिथे विचारावयास त्या तंत्रातला एक जाणता माणूस आधीच ठरवून, त्याचा मोबदला किमतीत धरावा. हा आपला फाटक.

आता यंत्रच प्रोग्रॅम लिहून देते, मग अनुभव कशाला, असे कुणी म्हणेल. लिहून देते हे खरे. पण ऐन दिवाळीच्या तोंडावर रात्री साठ्याचा आकडा उणे दिसू लागला, म्हणजे व्यापारी यंत्राला नव्हे, मुलाला फोन करील. जे आपल्याला ओळ-ओळ समजावून सांगता येत नाही ते दुसऱ्याच्या हवाली करू नये.

काही कामे मात्र इतके करूनही घेऊ नयेत. रुग्णाला किती औषध द्यावयाचे ते ठरवणारी आज्ञावली, पतसंस्थेतल्या ठेवींचे व्याज, अशा ठिकाणी पहिला धडा दुसऱ्याच्या जिवावर किंवा म्हातारपणच्या पुंजीवर गिरवला जातो. तिथे जाणत्याच्या हाताखाली एखादे वर्ष, कमी पैशांत का होईना, काढावे. आणि करारावर सही त्या जाणत्याची असावी.