मानेतील गाठ आणि चुंबकीय प्रतिमेचे वाचन

मानेवर किंवा जबड्याखाली गाठ दिसली की 'ही कर्करोगाची तर नव्हे?' ही शंका घरात प्रथम उठते, आणि एमआरआय चाचणीचा अहवाल हाती येताच तिचेच उत्तर त्यात शोधले जाते. वास्तविक ही प्रतिमा आधी वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते : गाठ कोठून उगवली आणि कोठवर पोचली?

या यंत्रात क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील पाणी व चरबी यांमधील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी चाळवले जाते. ती पूर्वस्थितीवर येताना जे संकेत देतात, त्यांतून प्रतिमा घडते. टी-१ या प्रकारच्या प्रतिमेत चरबी उजळ व पाणी काळसर दिसते; टी-२ प्रकारात पाणी उजळते.

घशाच्या दोन्ही बाजूंस चरबीचा एक लहानसा पट्टा असतो. त्यात स्वतःच्या गाठी क्वचितच होतात, परंतु शेजारची गाठ त्याला ढकलते. पट्टा पुढे सरकला असेल तर गाठ बहुधा मागील मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कप्प्यातील. मागे सरकला तर चर्वणाच्या स्नायूंकडील. आत, घशाकडे सरकला तर कानाजवळील लाळग्रंथीच्या खोल भागातील. वाकलेल्या लव्हाळ्यांवरून ओढ्याच्या पाण्याची दिशा ओळखावी, तसाच हा प्रकार होय. शस्त्रक्रियेची वाट यावरूनच ठरते. रक्तवाहिन्यांच्या कप्प्यातील काही गाठी रक्ताने भरलेल्या असतात व वेगाने वाहणारे रक्त त्यांत काळ्या ठिपक्यांसारखे दिसते; तेथे सुई घालण्यापूर्वीही विचार करावा लागतो.

तंबाखू व मशेरी यांचे व्यसन असलेल्या आपल्या राज्यात तोंडाच्या कर्करोगाच्या संदर्भात जबड्याचे हाड महत्त्वाचे ठरते. प्रौढांच्या हाडातील चरबीयुक्त मगज टी-१ प्रतिमेत उजळ असतो; रोग शिरला की तो काळवंडतो. मात्र दाताच्या जुन्या दाहानेही तसेच होते. यासाठीच प्रतिमेइतकीच तोंडाची प्रत्यक्ष तपासणी अगत्याची आहे.

सर्वांत फसवी ती पाण्याने भरलेली गाठ. तरुणात ती बहुधा जन्मजात दोषातून आलेली व निरुपद्रवी असते. परंतु चाळिशीनंतर मानेच्या बाजूला अशी गाठ नव्याने आली, तर टॉन्सिल, जिभेचे मूळ किंवा थायरॉइड यांतील कर्करोग तेथील लसिकाग्रंथीत उतरल्याची शक्यता प्रथम तपासली पाहिजे. 'साधी पाणीगाठ' म्हणून ती कापून मोकळे होणे घातक ठरू शकते. तिची जात सुईने काढलेल्या पेशींच्या किंवा तुकड्याच्या तपासणीवरूनच ठरते.

दोन-तीन आठवड्यांत न ओसरणारी गाठ घेऊन कोणी सल्ल्यास आल्यास त्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. एमआरआय चाचणीस जाताना वय, गाठीचा कालावधी, व्यसन व पूर्वीच्या शस्त्रक्रिया यांची नोंद चिठ्ठीवर असावी. अहवाल लिहिणाऱ्याला तिचा मोठा उपयोग होतो. हृदयात पेसमेकर किंवा शरीरात धातूचा तुकडा असल्यास तेही आधीच सांगावे.