बांधाच्या चार फेऱ्या



या पत्रिकेत मी एरवी बेणे, लागण, खोडवा आणि खते यांवर लिहितो. या खेपेला ऊस बाजूला ठेवून ऊसकऱ्याबद्दल लिहिणार आहे. त्याला कारण घडले ते असे.

आमच्या गटात एक जुने सभासद आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. आडसालीत हा माणूस एकरी ऐंशी टनांच्या खाली कधी आला नाही. गेल्या हंगामात ऊस तुटून गेल्यावर खोडव्याचे बुडखे नीट छाटलेत का हे बघायला ते फडात अनवाणी उतरले. बुडख्याचे टोक डाव्या पायात घुसले आणि त्यांना कळलेच नाही. रात्री सूनबाईने चादरीवर रक्त बघितले तेव्हा उलगडा झाला. आठ दिवसांत अंगठा काळा पडला आणि दवाखान्यात दोन बोटे काढावी लागली. रक्तातली साखर वाढून पायाची संवेदनाच गेली होती. ती कधीपासून वाढली होती ते त्यांनाही माहीत नव्हते, कारण कधी तपासलीच नव्हती. मी भेटायला गेलो तर आबा हसत म्हणाले, "सायेब, उसाचा उतारा बारावर न्यायला जन्म गेला. अंगात किती हाय, ते कुणी बघितलंच न्हाई."

ते वाक्य डोक्यातून जाईना. त्यानंतरच्या गट बैठकीत खोडव्याचे सांगून झाल्यावर मी व्यायामाचा विषय काढला, तर मागून आवाज आला, "आमी शेतकरी माणसं. दिवसभर राबतो. आमाला आनि वेगळा व्यायाम कशाला?" सगळे हसले. प्रश्न मात्र रास्त आहे, त्याला उत्तर दिले पाहिजे.

जो सभासद आजही स्वतः खांदणी करतो, भांगलतो, डोक्यावर वैरणीचा भारा आणतो, त्याला मी चाला म्हणून सांगणार नाही. फडातल्या तोडणी मजुराला तर नाहीच नाही. त्याला विश्रांती, वेळेवर जेवण आणि प्यायला स्वच्छ पाणी पाहिजे. पण आपल्यातल्या किती जणांचा दिवस आज तसा जातो? मोटेच्या काळात माणूस दिवसभर बैलांमागे धावेवर पुढे-मागे चालायचा. मग इंजिन आले, त्यानंतर विजेची मोटार आली. तरी मोटार चालू करायला रात्री-अपरात्री विहिरीपर्यंत जावे लागायचे. आता मोबाईल स्टार्टर बसला आणि ती फेरीही गेली. मशागत ट्रॅक्टरने, बाळबांधणी पॉवर टिलरने, पाणी ठिबकच्या कॉकवर. शेतावर जायचे ते मोटारसायकलने, आणि बांधावर उभे राहून बघायचे तेही सीटवर बसून. दगदग कमी झाली नाही. सोसायटी, बँक, कारखाना, मुलांच्या शाळा, लाईटची वाट बघणे, या सगळ्याने जीव थकतो. पण मन थकणे निराळे आणि अंगाला घाम येणे निराळे, ही गल्लत आपण करतो. जेवण मात्र मोटेच्या काळातलेच राहिले.

याचा हिशेब देशभर दिसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा त्याच्या वर म्हणजे घरात शिरलेला. (एकदाच्या तपासणीवर विसंबू नये, पुन्हा करून खात्री करावी.) उंबरठ्यावरून माघारी फिरता येते का, हे चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी ५३१ माणसांवर तपासले. तो अहवाल २००६ सालचा आहे. ज्यांना काहीच विशेष सांगितले नव्हते, त्यांच्यातल्या शंभरातल्या ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी चालणे आणि खाणे सांभाळले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ होते. म्हणजे चालून सगळे वाचतात असे नाही. पण शंभरामागे सोळा माणसे हा फरक थोडा नव्हे. एकरी सोळा टन वाढतात म्हटले तर आपण लगेच ते बेणे आणायला पळू.

आता थोडे माझे. २००३ साली पदविका घेऊन या खात्यात लागलो तेव्हा माझ्याकडे सायकल होती. गटातली सगळी शेते पायी आणि सायकलने फिरलो. पुढे मोटारसायकल आली, पोट आले. दोन वर्षांपूर्वी उपाशीपोटी साखर ११८ निघाली. माझ्या वडिलांना हा आजार होता, त्यामुळे मी घाबरलो. लगेच भारी बूट घेतले आणि पहाटे पाचला उठायचे ठरवले. ते कसेबसे बारा दिवस चालले. मग गाळप सुरू झाले. रात्री अकराला तोडणी टोळीचा फोन, एकला ट्रॉली रुतल्याचा, आणि पहाटे पाचला उठायचे कुणी? मग तालुक्याला व्यायामशाळेत नाव घातले, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले आणि चार वेळा गेलो. त्या पैशांचा हिशेब बायको अजून काढते.

चूक कुठे झाली ते उशिरा कळले. मी व्यायामासाठी कामाबाहेर वेळ शोधत होतो, आणि कामाबाहेर वेळ नव्हताच. शेवटी एवढेच केले की ऊस नोंदीला आणि पाहणीला जाताना मोटारसायकल गावाच्या शिवेवर, कुणाच्या तरी शेडला लावायची आणि पुढचे प्लॉट पायी बघायचे. पाहणी तर करायचीच असते. पायी हिंडल्यामुळे लोकरी मावा आणि हुमणीही लवकर नजरेला पडू लागली, हा फायदा मी धरलाच नव्हता. साखर आता १०४ आहे. शंभराच्या खाली अजून आलेली नाही, आणि गाळपाच्या ऐन भरात आठवड्यातले तीन दिवससुद्धा जमत नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

किती चालायचे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे मार्गदर्शन केले, त्यात मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सांगितले आहेत. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास आला की खालची मर्यादा गाठली. मध्यम म्हणजे चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत धाप. पूर्वी असे सांगत की सलग दहा मिनिटांपेक्षा कमी चाललेले धरू नये. ती अट २०२० मध्ये काढली. आपल्यासारख्यांना ही मोठी सवलत आहे. सकाळी आठ मिनिटे, डेअरीला दूध घालायला पायी गेलात तर दहा, संध्याकाळी बांधावर बारा, सगळे जमेला धरायचे.

अंतर मोजायला घड्याळ-यंत्र नको. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. प्लॉट चौकोनी असेल तर एक बाजू साधारण २०९ फूट होते आणि बांधावरून एक फेरी सुमारे २५४ मीटर भरते. चार फेऱ्यांचा एक किलोमीटर झाला. आपल्याकडे वाटण्या होऊन पट्ट्या लांबट झाल्या आहेत. शंभर फूट रुंदीची एकराची पट्टी असेल तर तीनच फेऱ्यांत किलोमीटर जवळजवळ भरतो. भाऊबंदकीचा एवढा तरी उपयोग. चांगल्या वाटेवर दमदार चालणारा माणूस अर्ध्या तासात चौकोनी एकराच्या दहा-अकरा फेऱ्या घालतो. ओल्या बांधावर तेवढ्या होणार नाहीत, त्याची काळजी करू नये.

नुसते चालून भागत नाही, स्नायूंनाही आठवड्यातून दोन दिवस ताण पाहिजे. हे आपल्या मुलुखाला नवे नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीतले कांस्यपदक घेऊन आले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार आयुष्यभर केला. गावोगाव तालमी होत्या, आज कितीतरी तालमींत मंडळाचे सामान ठेवलेले असते. असो. चाळिशीच्या पुढच्याने एकदम जोर काढायला जाऊ नये. गोठ्याच्या कट्ट्यावर हात टेकून दहा जोर, बाजेवरून हात न लावता दहा वेळा उठबस, एवढ्यावर सुरुवात करावी आणि झेपेल तसे वाढवावे.

काही गोष्टी बजावून सांगतो. छातीत दुखते, चालताना घाबरल्यासारखे होते, किंवा हृदयाचा आजार आहे, अशांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर चालताना साखर एकदम उतरू शकते. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबून लगेच साखर खावी, म्हणून दोन चमचे साखरेची पुडी खिशात असू द्यावी. पायांत बूट पाहिजेतच. आबांची गोष्ट वर सांगितलीच आहे. पाचटात घोणस असते, म्हणून अंधारात बॅटरीशिवाय बांधावर जाऊ नये. ज्या शिवारात बिबट्याचा वावर आहे तिथे पहाटे-तिन्हीसांजेला उसाकडेने चालूच नये, गावातला रस्ता धरावा आणि दोघे-तिघे मिळून जावे. रात्रीच्या लाईटचा आठवडा असेल आणि रात्र पाणी पाजण्यात गेली असेल, तर सकाळी व्यायामापेक्षा झोप महत्त्वाची.

आणि खाडे होणारच. लागणीचे पंधरा दिवस, लग्नसराई, तोडीची पाळी यांत चार-आठ दिवस चुकतात. मग माणूस म्हणतो, मोडलंच की, आता पुढच्या पाडव्याला बघू. उसात चार डोळे उगवले नाहीत म्हणून आपण प्लॉट मोडतो का? नांग्या भरतो. इथेही तेच करायचे. खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दहा मिनिटे का होईना, पण चालायचे.

भगिनींबद्दल दोन शब्द राहिले. त्यांचे काम जास्त, आणि ते कुणी मोजत नाही. भांगलणीला जाणारीला श्रम पुरेसे होतात. पण घरच्या रगाड्यात बसून-उभे राहून पाठ धरलेली, गुडघे दुखणारी बाई चालायला जाणार कधी? तिची संध्याकाळ धारा आणि चुलीत जाते. मी एका वस्तीवर बघितले आहे, तिथे नवरा आणि थोरला मुलगा आळीपाळीने धारा काढतात आणि सासू-सुना अर्धा तास कालव्याच्या रस्त्याने जाऊन येतात. सुरुवातीला लोक हसले, आता त्यांच्याबरोबर आणखी पाच-सहा जणी असतात. बाकीच्या घरांतल्या पुरुषांनी धार काढायला शिकावे, अवघड नाही.

पुढच्या महिन्यापासून खोडवा पाहणीचा कार्यक्रम आहे. गावनिहाय तारखा गट कार्यालयाच्या फलकावर लावल्या जातील. पाहणी पायी होईल. सकाळी साडेसातला गावच्या चावडीपासून निघू आणि साधारण तीन किलोमीटरात सहा-सात प्लॉट बघून परत येऊ. गाड्या चावडीपाशीच ठेवाव्यात आणि पायांत बूट घालून यावे. आबांनी काठी घेऊन पहिल्या दोन प्लॉटपर्यंत येतो म्हणून कळवले आहे.