उजनीच्या पाण्याची बैठक

जुलै-ऑगस्टमध्ये सोलापूरकरांचे लक्ष आभाळापेक्षा दौंडकडे जास्त असते. ‘दौंडचा विसर्ग किती?’ हे चहाच्या टपरीवरही विचारले जाते आणि उत्तर क्युसेकमध्ये येते. उजनी धरण आहे माढा तालुक्यात, पण भरते ते पुणे जिल्ह्यातल्या पावसावर. खडकवासला, पवना, चासकमान, डिंभे ही वरची धरणे भरून वाहू लागली की ते पाणी भीमेतून दौंडवरून यशवंतसागरात, म्हणजे उजनीच्या जलाशयात, उतरते. सोलापुरात पाऊस रुसला तरी एक वेळ निभावते. मावळात रुसला तर पंचाईत.

आलेले पाणी कोणाला, किती आणि कधी द्यायचे, हे ठरते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत. अध्यक्षस्थानी बहुधा पालकमंत्री. समोर आमदार-खासदार, जिल्हाधिकारी, महापालिकेचे अधिकारी. हिशेब मांडायला जलसंपदा खात्याचे अभियंते. १५ ऑक्टोबरचा साठा धरून रब्बीची आवर्तने ठरतात आणि पुढे उन्हाळी हंगामाची. बाष्पीभवन वजा, पिण्याचे वजा, उद्योगांचे वजा, आणि उरेल ते शेतीला, अशी ही वजाबाकी. वाद मात्र कालव्याला पाणी सोडण्याच्या तारखेवरून पेटतो. माढ्यातल्या उसाला आज हवे असते, मंगळवेढ्याच्या ज्वारीची गरज वेगळ्या आठवड्यात पडते. ज्वारीवाल्याचा आवाज बैठकीत बारीकच येतो. या जिल्ह्यात तिसाहून अधिक साखर कारखाने आहेत आणि राजकारणाचा रस्ता बहुतेक वेळा त्यांच्याच गव्हाणीवरून जातो, हे ध्यानात घेतले की कारण सांगावे लागत नाही.

उजनीचा हिशेब परक्याला चटकन उमगत नाही. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातले ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठा म्हणून मोजतात. म्हणजे वर्तमानपत्रात ‘उजनी शून्य टक्के’ छापून येते, त्या दिवशीही धरणात बहुतेक धरणांच्या पूर्ण क्षमतेपेक्षा जास्त पाणी असते. मग टक्केवारी शून्याच्या खाली उतरते. २०२४ च्या जूनमध्ये ती उणे साठच्या आसपास पोचली होती. मृतसाठ्यातले जवळपास निम्मे पाणी तोवर उचलून झाले होते. सोलापूरच्या जलवाहिनीसाठी अशा वेळी दुबार, नंतर तिबार पंपिंग करावे लागते: खाली गेलेले पाणी आधी एका पंपाने वर ओढायचे, मग दुसऱ्याने पुढे ढकलायचे. मृतसाठा हा एकेकाळी अडीअडचणीचा ठेवा होता. आता बैठकीत तो जमेलाच धरलेला असतो, आणि या समितीवरचा माझा मुख्य आक्षेप तोच आहे. ऑक्टोबरात भरलेले धरण बघून उसाला मान डोलावली जाते. मे महिन्यात त्याचा जाब द्यायला कोणी बसत नाही.

शहराच्या वाट्याचे पाणी दोन वाटांनी येते. एक वाट शंभराहून अधिक किलोमीटरच्या जलवाहिनीची. दुसरी नदीची, आणि ती अजब आहे. उजनीतून भीमेत सोडलेले पाणी पंढरपूरवरून, वळणे घेत, दोनशेहून अधिक किलोमीटर वाहत दक्षिण सोलापुरातल्या औज आणि चिंचपूर बंधाऱ्यांत पोचते. तिथून टाकळीच्या उपसा केंद्रातून ते शहराकडे चढवतात. वाळू पिते, ऊन पिते, काठावरच्या मोटारी पितात. पलीकडचा काठ कर्नाटकाचा. शहराला जेवढे लागते त्याच्या कितीतरी पट पाणी त्यासाठी नदीत सोडावे लागते. आवर्तन चालू असताना नदीकाठच्या कृषिपंपांची वीज तोडण्याचे आदेश निघतात. इतके होऊनही शहरातल्या नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येत आले आहे. तोवर भरलेली पिंपे जपायची.

लोकांचे म्हणणे ऐकून घ्यायची जागा खरे तर ही बैठकच. पण मोठे निर्णय फिरले ते तिच्या बाहेर. २०१३ च्या दुष्काळात मोहोळ तालुक्यातले प्रभाकर देशमुख उजनीत पाणी सोडा म्हणून मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणाला बसले. त्या उपोषणावरून इंदापूर तालुक्यातल्या सभेत अजित पवारांनी काढलेले उद्गार महाराष्ट्राला ठाऊक आहेत. त्यासाठी त्यांना माफी मागावी लागली आणि कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी आत्मक्लेश करावा लागला. उजनीच्या जलाशयाला नाव यशवंतरावांचेच आहे. २०२१ मध्ये इंदापूरसाठी उजनीतून ५ टीएमसी उचलण्याची हालचाल झाली. तेव्हा सोलापूरचे पालकमंत्री दत्तात्रय भरणे हे इंदापूरचेच आमदार. जिल्ह्यात आंदोलने पेटली आणि मे महिन्यात त्यासाठी निघालेला आदेश मागे घ्यावा लागला. इंदापूरचे लोकही काही परके नव्हेत: धरणाच्या फुगवट्याखाली त्यांची गावे गेली, आणि पाणी मागताना ते हेच सांगतात. ही बाजू सोलापुरात क्वचितच कोणी बोलून दाखवतो.

पाण्याच्या गुणाबद्दल बैठकीत फारसे बोलले जात नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. उन्हाळ्यात पाणी हिरवे पडते, जलपर्णी पसरते. याच जलाशयाच्या काठी, भिगवणला, रोहित पक्षी बघायला गाड्या भरून माणसे येतात. तेच पाणी पुढे शुद्ध होऊन पेल्यात येते. किती टीएमसी यावर हमरीतुमरी होते, कसले टीएमसी हा विषय अजेंड्यावर चढतच नाही. पुण्याच्या महापालिकेला सोलापूरच्या बैठकीत बोलावण्याची सोय या रचनेत नाही.

२०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचे नाव आले आणि उजनीपासून १७० एमएलडीच्या समांतर जलवाहिनीचे काम हाती घेतले गेले. ते रखडत रखडत पुढे सरकले. तिचा फायदा उघड आहे: शहरासाठी नदीत पाणी सोडण्याची गरज उरणार नाही आणि तेवढे टीएमसी वाचतील. पण नदीकाठच्या शेकडो मोटारी इतकी वर्षे शहराच्या नावाने सुटणाऱ्या पाण्यावरच चालल्या आहेत. पंढरपूरला वारीसाठी चंद्रभागेत पाणी लागते, ते सोडावेच लागेल. पंढरपूरच्या खालच्या काठाचे काय, हा प्रश्न आता बैठकीत येईल. त्या काठाची भिस्त नदीवर, आणि कालव्याच्या समितीत त्याची वेगळी खुर्ची नाही. तिथले शेतकरी आपापल्या आमदाराला गाठू लागलेच असतील.