लिंकवरचा मंच

नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना महामार्गावर ठाणा पेट्रोल पंप लागतो आणि त्याला लागूनच जवाहरनगर. आयुध निर्माणीच्या आधाराने वाढलेली ही वसाहत. इथल्या कला-वाणिज्य महाविद्यालयाच्या पत्त्यातही ‘पेट्रोल पंप’ आहेच. स्फोटकांच्या कारखान्याशेजारी राहणाऱ्यांना काय बोलू नये हे शिकवावं लागत नाही. शासकीय गुपितांचा कायदा १९२३ चा. जवाहरनगरच्या महाविद्यालयांचं नागपूर विद्यापीठही १९२३ चंच. पण तो कायदा कारखान्यासाठी आहे, वर्गासाठी नाही. गेल्या काही वर्षांत ही रेघ पुसट होत गेली.

वर्गात तंत्रज्ञान आलं, ती सुरुवात मात्र आनंदाची होती. पूर्वी शोधनिबंध हाताने लिहून डीटीपी सेंटरवर द्यायचा. कुठे श्रीलिपी, कुठे कृतिदेव. पेनड्राइव्ह घेऊन सेमिनारला जावं, तर तिथल्या संगणकात तो फाँट नसायचा. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘सामाजिक’ हा शब्द पडद्यावर एल, के, ई, के, एफ, टी, डी अशा सात रोमन अक्षरांत उमटायचा. पोराची सगळी मेहनत प्रोजेक्टरसमोर मातीमोल. युनिकोड रुळला आणि ही कटकट संपली. २०१७ पासून गूगलला मराठीत बोलून दाखवलं की तो लिहूनही देऊ लागला. मोबाइलवर पीपीटी करणारी मुलं खेड्यातल्या कॉलेजांत दिसू लागली.

मग २०२० ची टाळेबंदी. झूम, गूगल मीट, नोंदणीचा गूगल फॉर्म, शेवटी ई-प्रमाणपत्र. त्या वेबिनारांच्या पुराला अनेकांनी नावं ठेवली. प्रमाणपत्रांचा सोस होताच, तरी मला तो काळ मोलाचा वाटतो. परदेशी अभ्यासकाला विमानाने बोलावणं मोठ्या विद्यापीठांना परवडतं. तालुक्याच्या महाविद्यालयाला तो माणूस पहिल्यांदा भेटला तो लिंकवर, आणि आपला विद्यार्थी त्याला माइक सुरू करून प्रश्न विचारू शकला.

नेमक्या याच वाटेवर १५ जानेवारी २०२१ ला फाटक लागलं. सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांनी ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषद घेण्याआधी मंजुरी घ्यावी, असं शिक्षण मंत्रालयाने कळवलं. सीमा, ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, लडाख हे विषय तर वर्ज्यच, शिवाय देशाच्या ‘अंतर्गत बाबी’ही. शेती, जात, पाणी, भाषा यांतलं अंतर्गत काय नाही? विज्ञान अकादम्यांनी विरोध केला आणि फेब्रुवारीत ते निर्बंध मागे घेतले गेले. पण कागद मागे घेतला तरी धाक राहतो. त्याच वर्षी जुलैत मध्य प्रदेशातल्या सागरच्या विद्यापीठाने वैज्ञानिक दृष्टिकोनावरच्या आंतरराष्ट्रीय वेबिनारमधून ऐनवेळी अंग काढून घेतलं. आधी विद्यार्थी संघटनेचा विरोध, मग पोलिसांचं पत्र. हे विद्यापीठ उभारणारे हरिसिंह गौर एकेकाळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते, म्हणून विदर्भातल्या माणसाला ही बातमी जास्तच लागावी.

महाराष्ट्रातही तेच. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या लढ्यात २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द झालं. तरी २०२२ मध्ये कोल्हापूरच्या एका महाविद्यालयातले प्राध्यापक जावेद अहमद हजाम यांच्यावर व्हॉट्सअॅप स्टेटसवरून गुन्हा दाखल झालाच. ३७० कलम हटवल्याचा निषेध आणि पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, एवढाच तो मजकूर. मुंबई उच्च न्यायालयाने दिलासा दिला नाही. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणजे काय हे पोलिसांना समजावून सांगण्याची वेळ आली आहे, असंही म्हटलं.

माझ्या मते हे पोलिसांइतकंच प्राचार्यांनाही समजावलं पाहिजे. वर्गात बोललेला शब्द पूर्वी वर्गातच विरायचा. आता त्याचा स्क्रीनशॉट निघतो, संस्थाचालकांकडे पोचतो आणि प्राध्यापक विषय निवडतानाच अर्धे विषय वगळतो. मोठ्या विद्यापीठांत निदान संघटना आहेत, वकील आहेत, पत्रकार धावून येतात. पेट्रोल पंपाजवळच्या कॉलेजातल्या प्राध्यापकासाठी कोण येणार? टाळेबंदी उठल्यावर मोठ्यांचे परदेशी पाहुणे पुन्हा विमानाने येऊ लागले. जवाहरनगरला जगाशी बोलायला आजही ती लिंकच आहे.