जिनिंग पारखावे सरकीवरून

कापूस तसाच न विकता शेतकऱ्यांच्या गटाला रुई करून विकायची असेल, तर कारखाना कोणता निवडावा? क्विंटलभर कापसातून साधारण 33 ते 36 किलो रुई निघते. जास्त उतारा देणारा कारखाना चांगला, असा समज आहे. पण कचरा आणि फुटक्या सरकीची टरफलेही रुईतच तोलली जातात! म्हणून आधी मूठभर सरकी हातात घ्यावी. ती तुटलेली असेल तर यंत्राची जुळणी बिघडलेली आहे. तिच्यावर लांब तंतू राहिले असतील तर तेवढी रुई वाया गेली.

विदर्भात मुख्यतः डबल रोलर यंत्रे आहेत. चामड्याच्या चकत्यांचा खरखरीत रोलर तंतू ओढतो, स्थिर पाते सरकी अडवते, हलते पाते ती झटकून पाडते. करवती यंत्र वेगवान खरे, पण त्यात लांब तंतू अधिक तुटतात.

ओलावा 6 ते 8 टक्के असावा. ओल्या कापसाच्या गुठळ्या होतात, अति कोरड्याचे तंतू तुटतात. अंगणात फरशी आहे का, वाणांचे ढीग वेगळे आहेत का, हेही बघावे. प्लॅस्टिकच्या पोत्याचा धागा मात्र पुष्कळदा आपल्याच घरून जातो. त्याला रंग चढत नाही, आणि तो दिसतो थेट रंगवलेल्या कापडावर.