तारपकरी : एकट्याची वाजंत्री

लग्नातली वाजंत्री आपण सर्वांनी पाहिली आहे. सनईवाला वेगळा, सूर धरणारा वेगळा, ढोलवाला वेगळा. चार-पाच माणसे जमली म्हणजे वाजंत्री पुरी होते. पण एकटाच माणूस सगळी वाजंत्री झाला, असे कधी पाहिले आहे काय?

पाहिले आहे की! सकाळी दारात येणारा वासुदेव आठवा. डोक्यावर मोरपिसांची टोपी, हातात टाळ-चिपळ्या, पायात घुंगरू, कमरेला पावा. गाणारा तोच, ताल धरणारा तोच आणि नाचणाराही तोच!

आता शहरात या कामाला यंत्र आले आहे. वादक गिटार घेऊन एकटाच बसतो. त्याच्या पायापाशी एक लहान पेटी असते. तिचे बटण पायाने दाबले की तो जे वाजवील ते पेटी टिपून घेते. पुन्हा दाबले की तेच ती रहाटगाडग्यासारखे फिरून फिरून वाजवीत राहते. त्यावर तो दुसरे काही वाजवितो. तेही फिरू लागते. मग तिसरे. असा थरावर थर चढतो आणि एकाचे चौघे होतात. या फिरत्या तुकड्याला 'लूप' म्हणतात. पूर्वी हेच काम टेपच्या फितीवर करीत. फितीची दोन टोके चिकटवून तिचे कडे केले, की तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजे. समुद्रकाठच्या हॉटेलांतून असे एकटे वादक पोट भरतात. मालकाला पाच जणांऐवजी एकालाच पैसे द्यावे लागतात.

पण वीज नाही, यंत्र नाही, आणि तरी एकट्याचे वाजणे रात्रभर फिरत राहते, असे एक वाद्य आपल्याच डोंगरात आहे. त्याचे नाव तारपा.

तारपा कसा असतो?

वाळलेला लांबट दुधी भोपळा घेतात. आतला गर काढून तो पोकळ करतात. त्याच्या एका बाजूने फुंकायचे. दुसऱ्या बाजूला बांबूच्या दोन नळ्या बसवितात. नळ्यांत बांबूचीच पातळ जीभ असते. वारा लागला की ती थरथरते आणि सूर निघतो. नळ्यांना भोके असतात. त्यांवर दोन्ही हातांची बोटे फिरतात. सांधे मेणाने बुजवितात, कारण वारा कोठून निसटला तर सूर बसतो. नळ्यांच्या पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा लावतात. त्याने आवाज दूरवर जातो. काही तारपे दोन-तीन हातांचे असतात, तर काही माणसापेक्षाही लांब.

म्हणजे बघा, भोपळा वेलावरचा, बांबू रानातला, मेण मधमाश्यांचे, पान ताडाचे. दुकानातून काहीएक आणावे लागत नाही.

श्वास तुटत नाही तो कसा?

पावा वाजविणारा मध्येच थांबतो आणि दम घेतो. तारपकरी थांबत नाही. मग तो श्वास घेतो तरी केव्हा?

यात जादू नाही, युक्ती आहे. फुंकता फुंकता तो गाल फुगवून तोंडात वारा साठवितो. छातीतला वारा संपत आला की जिभेच्या मागच्या भागाने घशाची वाट बंद करतो. मग गाल दाबून तोंडातला साठा वाद्यात सोडतो आणि त्याच क्षणी नाकाने चटकन श्वास आत ओढतो. छाती भरली की घशाची वाट पुन्हा उघडी! बाहेर ऐकणाऱ्याला सूर अखंडच लागतो. गारुड्याची पुंगी अशीच वाजते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील मूळचे रहिवासी लाकडाचे एक लांब पोकळ वाद्य वाजवितात, त्यालाही हीच युक्ती लागते. इतक्या दूरची माणसे, पण एकच गोष्ट शिकली!

तुम्हालाही करून पाहता येईल. पपईचा पोकळ देठ घ्या. तांब्यातल्या पाण्यात बुडवून फुंका. बुडबुडे न थांबता नाकाने श्वास घ्यायचा. पहिल्या दिवशी जमणार नाही. रोज थोडे करा. डोके गरगरले तर थांबा. दम्याच्या माणसाने मात्र या वाटेला जाऊ नये.

नाच कसा चालतो?

भात पिकले की तारपा बाहेर निघतो. दिवाळीच्या सुमारास वारली, कोकणा, मल्हार कोळी यांच्या पाड्यांवर रात्री नाच धरतात. बाया-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात. तारपकरी मध्ये असतो. साखळी त्याच्याभोवती वेढे घालीत फिरते, पण त्याला पाठ दाखवीत नाही. त्याने चाल बदलली की पावले बदलतात. पावले दमली की तो चाल सैल करतो. वारली चित्रांत हा वेढा तुम्ही पाहिला असेल. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे जगभर पोचविली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

यंत्राला आम्ही नावे ठेवीत नाही. पण पेटी दिलेला तुकडा तेवढा फिरविते. नाचणारी म्हातारी दमली आहे, हे तिला दिसत नाही. तारपकऱ्याला दिसते.

मग अडचण काय आहे?

तारपकरी हा काही पगारी वादक नव्हे. तो भात-नागली पिकविणारा माणूस. आपल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात. म्हणजे तारप्याचा हंगाम आणि पाडा रिकामा होण्याचा हंगाम एकच! पोरगा बापाजवळ शिकणार कधी? मागे राहिले त्यांना डीजेचा भोंगा पुरतो. तारपकरी गेला की त्याचा तारपा आढ्याला टांगलेला राहतो आणि भोपळ्याला कीड लागते. शिवाय सभा-समारंभात तारपकऱ्याला बोलावतात, नारळ देतात, फोटो काढतात. गाडीभाड्याचे विचारायला कोणी राहत नाही. हे बरे नव्हे.

मान मिळतच नाही असे मात्र नाही. पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला. त्यातील जव्हार तालुक्याचे वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. पण पद्मश्री एखाद्यालाच मिळते. बाकीच्यांचे काय?

त्यांच्यासाठी राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत यांना मानधन देण्याची योजना आहे. २०२४ साली तिची रक्कम दरमहा ५,००० रुपये झाली. वय ५० वर्षे पुरे असावे, कलेत निदान १५ वर्षे गेलेली असावीत आणि उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असावे. चौकशी पंचायत समितीत करावी.

खरी गाठ येथेच बसते. पन्नास वर्षे तारपा वाजविला, पण कागद कोठे आहे? कोणी लिहूनच ठेवले नाही! अंगात कला आहे, हातात पुरावा नाही.

म्हणून, वाचकहो, ज्यांना आता अक्षर आले आहे त्यांनी एवढे करावे. आपल्या पाड्यातल्या तारपकऱ्यासाठी एक वही घालावी. त्यात नाव, वय, वाजविणे कोणापाशी शिकला, हे लिहावे. कोणत्या साली, कोठे, कोणत्या कार्यक्रमात वाजविले, तेही लिहावे. आमंत्रणाचा कागद, प्रमाणपत्र, फोटो जपून ठेवावे. बोलावणे आले तर बिदागी आणि गाडीभाडे किती, ते आधी लिहून घ्यावे. संकोच करू नये, तो त्याच्या श्वासाचा दाम आहे. आणि त्याला चालींची नावे विचारावी. ती वहीत उतरली तर उद्याच्या पोराला निदान काय शिकायचे ते तरी कळेल.

श्वास अखंड ठेवणे तारपकऱ्याचे काम आहे. वही अखंड ठेवणे आपले.